खडी होती

यांनी सोमवारच निवडला, आणि तो का निवडला ते मला रविवारी संध्याकाळीच कळलं होतं.

सोमवारी मी बोलत नाही. सकाळी महादेवाला पाणी घातलं की तोंड मिटायचं, ते थेट दिवेलागणीला उघडायचं. घराला आता त्याची सवय झाली आहे. दूधवालासुद्धा सोमवारी हाक न मारता पिशवी कडीला अडकवून जातो.

"उद्या जळगावला जाऊ," हे म्हणाले. "हबीबकडे ती हलकी गाडी बघून येऊ. पण आधीच सांगतो, नाही आवडली तर हा विषय या घरात परत निघायचा नाही. दिपमालालाही कळवून ठेव."

दिपमाला आमची मुलगी. हलक्या गाडीचा विषय तिनेच काढला होता, आणि तिने तो काढावा म्हणून मी महिनाभर देवाला विनवलं होतं.

आमच्या दारात बुलेटशिवाय दुसरी गाडी कधी आली नाही. लग्नानंतर पहिली, ती जुनी झाल्यावर दुसरी, आता आहे ती तिसरी. हे शाळेत खेळाचे शिक्षक होते. धुळ्याच्या देवपुरात अजूनही यांना 'बुलेटवाले हेमराज सर' म्हणतात. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी आणि दारातली बुलेट काही सुटली नाही. डावा गुडघा मात्र हल्ली ऐन वेळी सुटतो. चालताना नाही, जिना चढतानाही नाही. सगळा भार एकट्या त्याच्यावर आला की. आणि गाडी थांबवताना माणूस टेकवतो तो डावाच पाय.

गेल्या महिन्यात पांझरेच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली आणि ती डावीकडे कलंडली. मी एका अंगाने बसते, पाय डावीकडे सोडून. दोन्ही पाय गाडीखाली. कॉलेजची पोरं धावली म्हणून निघाले. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता.

"खडी होती," हे म्हणाले.

मी रस्त्याकडे पाहिलं. नुकताच डांबर टाकलेला, तव्यासारखा काळा, स्वच्छ रस्ता.

दिपमाला फोनवर म्हणाली, "आई, या वेळी घोटा होता. मागून ट्रक आला असता तर?" मी गप्प राहिले. त्या दिवशी तर सोमवारही नव्हता.

"एस.टी.ने जाऊ या ना जळगावला," मी रविवारी म्हणून पाहिलं.

"गाडी बघायला बसने जायचं? हबीब हसेल मला."

मग सोमवारी पाणी घालून, तोंड मिटून मी बुलेटवर बसले.

चालती गाडी पडत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. भीती असते ती थांबण्याची. धुळ्यातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक चौकात मी मनात नमः शिवाय म्हणत होते आणि चौक मोकळा मिळावा म्हणून डोळे ताणून पुढे बघत होते. आमची मागे बसण्याची एक भाषा आहे. यांच्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. इतक्या वर्षांत देवळासाठी, भाजीसाठी, कधी उगाच उसाच्या रसासाठी मी दोन थापा दिल्या. त्या दिवशी हात मांडीवर घट्ट दाबून बसले. एकदा पदर सुटून चाकाकडे गेला, तरी थाप दिली नाही. दातात धरून ओढून घेतला.

हायवेला कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला. यांनी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, आणखी हळू झाली. डावा पाय खाली जाऊ लागलेला मला दिसला. तेवढ्यात ट्रॅक्टर बाजूला झाला आणि पाय परत वर गेला. यांच्या मानेवर घाम आला होता. हवा तर गार होती.

पारोळ्याच्या अलीकडे यांना चहा हवा झाला. रस्त्याच्या कडेला टपरी होती, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. गाडी थांबायच्या आधीच मी उतरायची तयारी ठेवली होती, म्हणून वाचले. पाय टेकला, गुडघा सुटला, गाडी माझ्या बाजूला येऊ लागली. मी उडी मारली. हे हँडल धरून अर्धवट लोंबकळले आणि कसेबसे गाडीसकट टपरीच्या खांबाला टेकले.

टपरीवाली बाई हातातलं पातेलं तसंच धरून बाहेर आली. तिला आतून कुणीतरी तानुबाई म्हणून हाक मारत होतं.

"काय जायं भाऊ? अक्का, तुले लागनं का?"

"काही नाही हो," हे म्हणाले. "खडी होती."

"आठे? खडी?" तिने सकाळीच झाडून काढलेल्या अंगणावरून नजर फिरवली. "आठे कथाइन खडी? बठ्ठं मी सकाये झाडेल शे!"

"होती म्हणजे होती. पाय घसरला. विचारा हिला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. यांच्या कपाळावर केस चिकटले होते. श्वास लागलेला होता, तरी छाती पुढे काढून उभे होते, शाळेच्या मैदानावर राहायचे तसे. मी मान हलवली. होती.

तानुबाईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "शे ते शे बा," आहे तर आहे अशा सुरात म्हणाली आणि चहा ओतायला गेली.

मौन धरलं की खोटं बोलणं टळतं, असं आमच्या गुरुमाउली सांगायच्या. मानेनेही खोटं बोलता येतं का, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. एरंडोल येईपर्यंत मनात देवाचं नाव घेतानाही मी अडखळत होते.

हबीबभाईंचं दुकान जळगावात शिरल्यावर लगेच आहे. पूर्वी देवपुरात शाळेशेजारी त्यांचं गॅरेज होतं, आमच्या दोन बुलेट त्यांच्याच हाताखालून गेल्या. आता ते जुन्या गाड्या घेतात, नीट करतात, विकतात. आम्ही पोचलो तेव्हा ते दारात उभे होते. पुढे येऊन त्यांनी बुलेटचं हँडल धरलं, म्हणून थांबणं निभावलं.

"या या सर! चौकातच आवाज पहचानला मी. वहिनी, सलाम. आज सोमवार का? मग आज सरांचंच राज्य!"

"राज्य कसलं," हे म्हणाले. "कुठंय तुझी ती शेळी?"

गाडी पांढऱ्या फरशीवर उभी होती. काळी, बारीक अंगाची, सीटवर नवं कव्हर. हबीबभाईंनी एका हाताने तिला स्टँडवरून काढलं, एका हाताने वळवली. ते पाहून मी दोन पावलं पुढे झाले. यांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

हे एक चक्कर मारून आले. "गाडी आहे की शिलाई मशीन? आवाज तरी येतो का हिला?"

"सर, आवाज तुमचा आहे ना. गाडीला कशाला पाहिजे?" हबीबभाई हसले. "वहिनींना बसवून बघा. मग खरं कळेल."

मी बसले. नेहमीसारखीच, एका अंगाने, पाय डावीकडे. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. गाडी पानासारखी वळत होती. परत दुकानाच्या फरशीवर गाडी चढवली, ब्रेक लावला, डावा पाय टेकला.

गुडघा सुटला.

गाडी डावीकडे झुकली. मी डोळे मिटले. पण पडलो नाही. यांनी दोन्ही हातांनी हँडल ओढून धरलं, उजवी मांडी आवळली, गाडी थरथरली आणि तशीच तिरकी थांबली. मग हळूहळू सरळ झाली. मी उतरले. या वेळी पाय मोकळे होते.

"काय झालं सर?" हबीबभाईंचं हसू गेलं होतं.

"खडी होती."

हबीबभाईंनी खाली पाहिलं. फरशी सकाळीच धुतलेली होती. कोपऱ्यात अजून पाणी वाळायचं होतं.

"इथं, सर?"

"असेल एखादा खडा. चाकाबरोबर आला असेल. विचार हिला."

दोघेही माझ्याकडे बघू लागले. पारोळ्याला बघत होते तसेच यांचे डोळे. त्यात हुकूम नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. मी जर मान हलवली तर गाडी परत जाणार, विषय मिटणार, आणि पुढचा प्रत्येक चौक, प्रत्येक पूल, प्रत्येक टपरी मला यांच्या पाठीमागे बसून अशीच ओलांडावी लागणार, ज्या दिवशी ओलांडता येणार नाही त्या दिवसापर्यंत. आणि नाही हलवली, तर चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडलं असं होणार. जे मी लग्नापासून केलं नव्हतं.

मी मान हलवली नाही. होकाराला नाही, नकाराला नाही. नुसती यांच्याकडे बघत उभी राहिले.

बाहेरून केळीचा ट्रक गेला. दुकानाचं पत्र्याचं दार खडखडून शांत झालं. तरी मी तशीच.

"नकोच ही," हे म्हणाले आणि चावी हबीबभाईंच्या हातात कोंबली. "हलकी आहे. वाऱ्याने उडेल. चल, बस." आणि बुलेटकडे गेले.

मी जागची हलले नाही.

यांनी बुलेट स्टँडवरून काढायला दोन्ही हात लावले. ती निम्मी उठली आणि परत बसली. यांनी पुन्हा जोर लावला नाही. हँडलवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीवर शर्ट ओला होता, जिथे वाटभर माझा खांदा टेकला होता तेवढी जागा सोडून.

"हबीब," पाठ न वळवता म्हणाले, "आत्ता तिथं ही बुलेट असती तर?"

हबीबभाईंनी बुलेटच्या सीटवर हात ठेवला. "सर, ही असती तर तुम्ही गाडीखाली, आणि वहिनी तुमच्या आधी."

हे वळले. फरशीकडे बघत बोलले, पण बोलले मला. "खडी नव्हती. गुडघा आहे. पुलापाशीही गुडघाच होता." मग हलक्या गाडीकडे पाहून, "जड गाडीवर निदान गाडीच्या वजनाचं निमित्त सांगता यायचं. हिच्यावर काय सांगू?"

हबीबभाईंनी चावी परत यांच्यापुढे धरली. "चार दिवस न्या. बुलेट इथं राहू द्या, मी तिला रोज चालू करून ठेवतो. पटली तर कागद करू."

यांनी चावी घेतली. लगेच नाही, पण घेतली.

हे पुढे बसले आणि मी मागे जाऊन नेहमीसारखी वळले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी झुकली ती बाजू माझीच होती. माझं सगळं अंग मी त्याच दुखऱ्या गुडघ्यावर टाकत आले होते. बाईने एका अंगाने बसावं, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. म्हणून बसत होते, कुठल्या अंगाला आणि कुणावर, ते कधी पाहिलंच नाही.

माहेरी यावलला आम्ही केळीच्या बागेत पाणी धरायला उतरायचो तेव्हा साडी खोचायचो, तशी मी खोचली. आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. पाय खाली सोडून पाहिला. या गाडीवरून तो जमिनीला पोचत होता.

"अगं," हे मान वळवून हळूच म्हणाले, "लोक बघताहेत. काय म्हणतील?"

सोमवार होता. मी काय बोलणार?

हबीबभाईंनी तोंडाला रुमाल लावला आणि उगाच दुसरीच गाडी पुसायला घेतली.

पहिल्याच सिग्नलला यांनी मान जरा मागे केली. "थांबतोय," म्हणाले. हे यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी डावा पाय खाली टाकला. यांचा पाय पुढे, माझा मागे. गुडघा थरथरलेला मला गाडीतून कळला, पण गाडी हलली नाही. मागे एक बस हॉर्न वाजवत उभी होती. वाजवू दे, मनात म्हटलं.

एरंडोल गेलं. पारोळ्याजवळ आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. तानुबाईच्या टपरीवर दिवा लागला होता आणि ती दोन्ही हात जोडून त्याच्यापुढे उभी होती. माझं मौन सुटलं. पहिला शब्द मी देवाचा घेते. तो मनातल्या मनात घेतला.

हे टपरीकडे वळू लागले. दुपारून तिथे कुणीतरी बांधकामाची गाडी रिकामी करून गेलं होतं. कडेला ढीग आणि अंगणापर्यंत पसरलेले दगड, दिव्याच्या उजेडात चमकणारे.

मी यांच्या खांद्यावर एक थाप दिली.

"हळू," मी म्हणाले. "पुढे खडी आहे. खरीच."