कार्यक्रमाची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, मला पाहून तुमचा 'जुनी' या शब्दावर विश्वास बसणार नाही. माझ्या दांड्यांना सोनेरी रंग आहे, बैठकीवर लाल मखमल आहे आणि पुढे काच आहे. रुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यालयात शिरताच मी दिसते. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. बसत मात्र कुणीच नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला आणि त्यावर काळे रेक्झिन ताणून बसवले. देखणी मी कधीच नव्हते. पण तपासणारा कारागीर स्वतः माझ्यावर बसला, एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "दणकट आहे ही." ती माझी पहिली शाबासकी.

संस्थेने मला घेतले तेव्हा संस्था म्हणजे एका निवृत्त डॉक्टरांच्या घराखालची मोटार ठेवायची खोली होती. मोटार बाहेर उन्हात उभी असे आणि आत खाटा, कुबड्या, काठ्या आणि आम्ही खुर्च्या. ज्याला गरज असेल त्याने न्यावे आणि काम झाले की परत आणावे, असा साधा व्यवहार होता. मी शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला फिरवले. ऑपरेशन झालेल्या एका आजीला नातवंडांनी माझ्यावर बसवून घरभर असे पळवले की सुनेने डोक्याला हात लावला. काही घरांतून मी माझ्यावर बसणारा गेल्यावर परतले, तेव्हा मला पोचवायला आलेला माणूस दारातूनच मागे वळे.

मग मी कंडक्टरकाकांकडे गेले. त्यांनी सारी नोकरी बसमध्ये उभ्याने केली आणि निवृत्त होतात न होतात तोच मणक्याच्या आजाराने त्यांचे पाय गेले. माझ्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांना जागा करून दिली. आता आपला नंबर लागला."

काकू मला ढकलू लागल्या की काका ओरडत, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे."

"आधी तिकीट काढा, नाहीतर इथेच उतरवते," काकू म्हणत.

माझ्यावर बसून काका भाजी चिरत, खिडकीशी जाऊन रस्ता पाहत आणि कुणाला हाक न मारता संडासापर्यंत जात. धडधाकट माणसाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. काकांना ती सर्वांत मोठी होती.

पुढे डॉक्टर वारले. संस्था रस्त्यावरच्या चकचकीत कार्यालयात गेली आणि कारभार एका बाईंकडे आला. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडम कष्टाळू होत्या, हे मी नाकारत नाही. मागणारे वाढले होते, खुर्च्या पुरत नव्हत्या. म्हणून त्यांनी निधी जमवण्यासाठी मोठा कार्यक्रम करायचे ठरवले आणि त्यात बोलायला काकांना बोलावले. ठरवाठरवीच्या बैठकीलाही काका हवेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे मीही त्या बैठकीला होते.

पडद्याचा रंग कोणता, पाहुण्यांना भेट काय द्यायची, कुणाचे नाव आधी घेतले तर कोण रुसेल, यात निम्मी बैठक गेली. मग काकांनी हात वर केला.

"मॅडम, एक विचारू? त्या सभागृहाला पायऱ्या आहेत. आमच्यासारखे लोक आत कसे येणार?"

संस्थेचे खजिनदार हसून म्हणाले, "काका, ते थोडेच देणगी द्यायला येणार आहेत?"

"तुम्हाला चौघं उचलून नेतील," मॅडम घाईने म्हणाल्या. "तुम्ही अजिबात काळजी करू नका."

घरी येताना काका म्हणाले, "मला उचलून नेणार म्हणे."

"सिलिंडरसारखं?" काकूंनी विचारले.

काका हसले, पण त्यांच्या मुठी माझ्या दांड्यांवर आवळलेल्या होत्या. तरी रोज ते भाषणाची तयारी करत. काकू कंटाळल्या की काका म्हणत, "अगं, माझ्यामागे कितीजण खोळंबलेत. त्यांच्यासाठी कुणीतरी बोलायला नको का?"

कार्यक्रम तोंडावर आला आणि मॅडम घरी आल्या. माझे रेक्झिन फाटले होते, तिथे काकूंनी पट्टी चिकटवली होती. मॅडमनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"ही अशी स्टेजवर नको. फोटोत वाईट दिसेल. मी रंगवून आणते, उद्या संध्याकाळी परत देते."

"तोवर दुसरी मिळेल का?" काकूंनी विचारले.

"दुसरी असती तर कार्यक्रम कशाला केला असता, काकू?"

काकू काही बोलणार होत्या, पण काकाच म्हणाले, "जाऊ दे. एका दिवसानं काय होतंय."

मला रंग दिला. तो वाळेना. मखमल लावणारा उशिरा आला. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आली आणि गेली, पण मला कुणी परत नेले नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला.

"पडले? अरेरे. तुम्ही आधी त्यांना दवाखान्यात न्या. हो, खुर्ची तयार आहे. पण आता ते काही येऊ शकत नाहीत ना? मग ती थेट सभागृहातच नेते."

ज्या चौघांनी काकांना उचलायचे होते, त्यांनी मला उचलले. व्यासपीठाच्या मधोमध माझ्यावर प्रकाशाचा झोत सोडला. मॅडमनी माइक हातात घेतला. "आमचे काका आजारपणामुळे येऊ शकले नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या मखमलीवर हात ठेवला, "पण त्यांची खुर्ची आली आहे." सारे सभागृह उभे राहिले. कितीतरी वेळ टाळ्या वाजत होत्या. खुर्ची इथे आहे, तर मग तो माणूस घरी कशावर बसला आहे, हे त्या गर्दीत एकानेही विचारले नाही.

देणग्यांचा पाऊस पडला. परतताना खजिनदार म्हणाले, "खुर्ची रिकामी होती तेच बरं झालं. एवढा परिणाम माणसानं झाला नसता."

त्या पैशांतून नव्या खुर्च्या आल्या आणि गरजूंना मिळाल्या, हे खरे आहे. मी मात्र काचेआड गेले. दरवर्षी मला व्यासपीठावर नेतात, रिकामी उभी करतात आणि परत आणतात.

त्या पहिल्या कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी काकू कार्यालयात आल्या. काय घडले ते मला तेव्हा कळले. त्या सकाळी दमलेल्या काकूंची झोप मोडायला नको म्हणून काका भिंतीला धरून सरकत निघाले होते. हात निसटला आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ते अंथरुणाला खिळले होते.

"त्यांना खिडकीपर्यंत तरी न्यायचंय," काकू म्हणाल्या. "आमचीच खुर्ची द्या."

तिथली मुलगी गोंधळली. "काकू, ती कार्यक्रमाची खुर्ची आहे. ती देता येत नाही. नवीनसाठी नाव सांगून जा ना." तिने काकूंना पाणी दिले. काकू ते प्यायल्या, त्यांनी काचेवर क्षणभर हात टेकवला आणि त्या गेल्या. नवी खुर्ची त्यांच्या दारात पोचली तोवर काका गेले होते; ती उतरवून घ्यायला काकू एकट्याच होत्या, असे पोचवणाऱ्याने इथे येऊन सांगितले.

मित्रांनो, आता शेजारच्या खोलीत यंदाची बैठक चालू आहे. मला सगळे ऐकू येते. पडदा निळा असावा, यावर एकमत झाले आहे. तुम्हीही उद्या मोठे व्हाल, कुणाच्या तरी भल्यासाठी कार्यक्रम ठरवाल. जरूर ठरवा. पण ज्याच्यासाठी ठरवता त्याच्या घरी आधी जा. त्याला काय हवे ते विचारा आणि त्याच्या जवळचे काही उचलून आणू नका. आणि कधी या कार्यालयात आलात तर माझ्याशेजारी फोटोला उभे राहू नका. हा रंग खरवडून काढा, ही मखमल ओरबाडून टाका आणि मला कुणाच्या तरी घरी नेऊन सोडा. माझी चाके अजून फिरतात.