समोरच्या काचेतला कोट

आक्कांच्या लाँड्रीत खूण लावल्याशिवाय रुमालसुद्धा आत जात नसे. कपडा आला की आतल्या बाजूला पट्टी टाचायची, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव, मगच तो धुवायला. कोणी कुरकुर केली तर आक्का म्हणत, "नाव लावा, नाहीतर घरी धुवा."

तीच बाई मृत्युपत्राचं नाव काढलं की अंगावर यायची. लाँड्री निम्मी त्यांची, निम्मी धाकट्या दिराची. दोन्ही मुलगे परगावी नोकरीला. डाग काढण्यापासून बॉयलरपर्यंत सगळं लेकीच्या अंगावर. माझा हिस्सा लेकीलाच, असं आक्का साऱ्या गल्लीला सांगत. कागदावर मात्र अक्षर नाही. दिराने एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, "का रे, माझ्या तिरडीची मापं घ्यायला आलास? अजून तुला उचलून बॉयलरमागे ठेवीन." दिराने पुन्हा विषय काढला नाही.

समोरच्या लाँड्रीचा शेठ गेला आणि आक्कांचं बिनसलं. जन्मभराचा स्पर्धक, पण गेला तो काही लिहून न ठेवता. भागीदार भावाने शटरला कुलूप घातलं, त्यावर थोरल्या मुलाने आपलं, त्यावर धाकट्याने. आत लोकांचे कपडे तसेच लटकत राहिले. बाजूच्या काचेलगत एक करडा कोट होता, डावा खांदा उतरलेला. संध्याकाळी रस्त्याचे दिवे काचेवर हलले की तो कोट सावकाश वळून बघतोय असं वाटे. आक्का रस्त्याकडे पाठ करून बसू लागल्या. लेक म्हणाली, "आई, गिऱ्हाइकाकडे पाठ करून कोणी धंदा करतं का?"

"माझं तोंड बघून गिऱ्हाईक वाढल्याचं कधी ऐकलंयस?" आक्का म्हणाल्या. पण पाठीत ती नजर रुतायची ती रुतायचीच.

एका संध्याकाळी शेठची बायको त्या काचेशी उभी दिसली. काचेवर हात टेकलेला. आक्का रस्ता ओलांडून गेल्या आणि दबक्या आवाजात विचारलं, त्या कोटाची भीती नाही वाटत?

"कसली भीती? ह्यांचाच आहे तो," ती म्हणाली. "गठ्ठे उचलून उचलून तो खांदा उतरला होता. मी रोज भेटायला येते."

आक्कांची नजर खाली गेली. मुलांकडून मागून घ्या की, त्या कशाबशा म्हणाल्या.

"मागितला. थोरला म्हणतो धाकट्याला विचार, धाकटा म्हणतो काकांना. कोटाला खूण नाही ना! गावाच्या कपड्यांना ह्यांनी नावं लावली, आपल्या कोटाला नाही. घरचाच आहे, कोण चुकणार, म्हणायचे. लाँड्रीचंही तेच. माझा वाटा हिचाच, असं सगळ्या गल्लीला सांगायचे. गल्लीने ऐकलं. कचेरीत गल्लीला कोण विचारतं?" ती जरा सरकली. "आक्का, तुम्ही रुमालाला खूण लावता. तुमच्या लेकीला इथे उभं राहायला लागलं, तर माझ्या शेजारी जागा आहे."

आक्कांनी मान वर केली. समोरच्या काचेत त्यांच्याच लाँड्रीचं प्रतिबिंब पडलं होतं. इस्त्रीच्या टेबलाशी लेक उभी होती आणि तिचा चेहरा नेमका त्या कोटाच्या कॉलरवर आला होता.

सकाळी त्यांनी दिराला निरोप धाडला: मापं घ्यायला ये, वकिलाला घेऊन.

वकिलाने समजावलं की मृत्युपत्राने हिस्सा लेकीला मिळेल, पण तिला भागीदार म्हणून बसायचं तर भागीदारीच्या करारातही तसं हवं. दिराने ते आनंदाने मान्य केलं. जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र बदलताही येतं हे कळल्यावर आक्का लेकीला म्हणाल्या, "ऐकलंस ना? नीट वाग." मग साक्षीदारांसमोर त्यांनी वळणं गिरवत सही केली. मुलांना स्वतःच कळवलं. थोरल्याने अबोला धरला. मी गेल्यावर तुम्ही कोर्टात बोलण्यापेक्षा आत्ता हा अबोला बरा, असं आक्का म्हणाल्या.

वाचकहो, मृत्युपत्र लिहिलं म्हणून कोणी लवकर मरत नाही आणि न लिहिता कोणी अमर झालेलं नाही. नुसता तोंडाने दिलेला वाटा त्या तोंडाबरोबरच जातो. मागे राहतात कुलपं आणि काचेबाहेर उभी आपली माणसं. ज्याला द्यायचं त्याचं नाव शुद्धीत असताना, आपल्या हाताने लावा.

कोट अजून तिथेच आहे. आक्का आता रस्त्याकडे तोंड करून बसतात. शेजारी एक स्टूल असतं, शेठच्या बायकोसाठी. दिवे लागले की तो उतरलेला खांदा सावकाश वळतो. आक्का नजर हटवत नाहीत.

"माझं झालं हो शेठ," त्या पुटपुटतात. "तुमचंच राहिलं."