कवळीचा दावा

तो कवळ्या करायचा. बायकोच्या मामांना त्याने कवळी करून दिली, त्याला दोन वर्षं झाली होती. आठ हजार ठरले होते. मामा दर रविवारी जेवायला यायचे, त्याच कवळीने भाजलेले दाणे कडाकडा फोडायचे आणि "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणून निघायचे. गाठीला पैसे होते, मागेपुढे कोणी नव्हतं. पैसे मागायचे कोणी, यावरून नवरा-बायकोत दर रविवारी जुंपायची.

"मामा तुझे, तू माग."

"कवळी तुम्ही केलीत, तुम्ही मागा."

मग एकदा त्याचं पॉलिशचं मशीन बंद पडलं आणि दुरुस्तीवाल्याने तोंडाला येईल तो आकडा सांगितला. त्या रविवारी मामांनी "पुढच्या" एवढंच म्हटलं आणि हा उखडला.

"मामा, मी कोर्टात जाईन!"

बायकोने वाढता वाढता हात आवरला. मामांचे डोळे मात्र लकाकले. चाळीस वर्षं त्यांनी एका वकिलाकडे कारकुनी केली होती. निवृत्त झाल्यापासून कोर्टाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"खरंच जाणार?"

"जाणारच."

"मग अर्ज नीट लिहा, जावईबापू. लोक तिथेच माती खातात." मामांनी चष्मा चढवला आणि सांगायला सुरुवात केली. "वारंवार तोंडी मागणी करूनही सदर इसमाने टाळाटाळ केली..."

"सदर इसम कोण?"

"मी! आणि ते 'लबाड' खोडा. कोर्टाला विशेषणं खपत नाहीत."

तारखेच्या दिवशी मामा सकाळी आठलाच दारात हजर. कडक इस्त्रीचा कोट, काखेत फाइल. "तुमच्याच स्कूटरवरून जाऊ. उगाच दुप्पट भाडं कशाला?" बायकोने दोघांत मिळून एक डबा दिला आणि भांडलात तरी उपाशी राहू नका, म्हणून बजावलं.

छोट्या रकमांचे दावे तिसऱ्या मजल्यावर चालायचे. पुकारा झाल्यावर मामा असे उठले, की न्यायाधीश बाईंना क्षणभर तेच वकील वाटले.

"कवळी सदोष आहे," मामा म्हणाले. "चावता येत नाही. बोलता तर मुळीच येत नाही." आणि हे त्यांनी वीस मिनिटं, एकाही अक्षराला न अडखळता, पटवून दिलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, एवढी वाईट आहे ना? मग परत करा. दावा मिटला."

मामा चपापले. पण सगळे बघत होते. त्यांनी रुमाल काढला, कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि ताठ मानेने खाली बसले. लगेच ताडकन उठले. काहीतरी आठवलं होतं.

"आनखी एक मुव्वा आहे! हा वावा मुवतीत नाही!"

"मॅडम," टाइप करणारी मुलगी रडवेली झाली, "हे कसं लिहू?"

मामांनी बोट उंचावून तेच आणखी मोठ्याने सांगितलं. मागच्या बाकावरच्या एक बाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाल्या. जावयालाही हसू यायला हवं होतं. पण मामांचे गाल आत गेले होते, आणि एका मिनिटात ते कितीतरी म्हातारे दिसत होते. त्याने कवळी उचलली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"घाला, मामा. मग बोला."

"हा दावा मुदतीत नाही," मामा खणखणीत म्हणाले.

"मुदत तीन वर्षांची असते. दोनच झालीत," बाई म्हणाल्या.

"ते ठाऊक आहे. पण मुद्दा मांडावा लागतो."

"मांडलात, आणि छान बोललात. चार हप्त्यांत पैसे द्या."

परतीच्या वाटेवर मामा मागे बसून गुणगुणत होते. "कवळी झकास केलीत हो."

"मग दोन वर्षं का छळलंत?"

मामांनी काखेतली फाइल सावरली. "पैसे फिटले असते, तर दर रविवारी बोलावलं असतंत? वसुलीसाठी का होईना, वाट तरी बघायचात."

जावयाने खड्डा चुकवला आणि स्कूटर जरा हळू घेतली.

हप्ते मात्र वेळेवर आले. चौथ्या हप्त्यात पन्नास कमी निघाले. मामा मुद्दाम छताकडे बघत बसले.

"राहू द्या ते पन्नास," जावई म्हणाला. "रविवारी जेवायला या, दर रविवारी या."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे दावा नाही लावणार?"