निवडता येणारी डाळ

नांदेडच्या त्या जुन्या सामानाच्या दुकानात दोघं आले होते कॅमेरा घ्यायला, आणि लुंबिनी मात्र मघापासून स्कॅनरच्या ढिगापाशी उकिडवी बसली होती.

आनंदराजनं, तिच्या थोरल्या भावानं, हवा तो कॅमेरा केव्हाच गळ्यात अडकवला होता. "लुंबे, ऊठ. गाडी निघून जाईल."

"दादा, थांब की जरा."

दोघांनी लातुरात आडत बाजाराजवळ एक खोली घेतली होती. फोटो, झेरॉक्स, मालाची चित्रं ऑनलाइन टाकून देणं, असलं काम. पाटी रंगवून भिंतीला टेकून उभी होती. लावायची तेवढी राहिली होती. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे संगमेशअप्पांची डाळमिल. अप्पांना परगावच्या व्यापाऱ्यांना तूरडाळ फोटोवरच दाखवायची होती. मागच्या आठवड्यात आनंदराजनं मित्राचा कॅमेरा आणून फोटो काढले. अप्पांनी ते बघितले आणि ताट सरकवावं तसा लॅपटॉप सरकवला.

"ही माझी डाळ न्हाई. ही तापातून उठलेली डाळ हाय. शनिवारी परत या. जमलं तर सालभर काम देतो, न्हाई तर दुसरा माणूस बघतो."

काम गेलं तर पाटी भिंतीलाच टेकून राहणार होती. आणि लुंबिनीनं बाबांना शब्द दिला होता, की तसं झालं तर एमएस्सीची पदवी घेऊन मुकाट्यानं क्लासमध्ये नोकरी धरेन.

आनंदराजचं म्हणणं सरळ होतं: कॅमेरा हलका होता, भारी घेऊ. लुंबिनीला ते पटत नव्हतं. चौकटभर पिवळी डाळ दिसली की कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो आपल्या हुशारीनं पिवळेपणा काढून टाकतो. त्याची हुशारी बंद करता येते, पण मिलमध्ये एकीकडे पत्र्यातून येणारं ऊन, दुसरीकडे ट्यूबलाइट. भारी कॅमेरा घेतला तरी उजेड तोच. स्कॅनरचं तसं नव्हतं. त्याचा दिवा त्याच्याच पोटात, आणि प्रत्येक वेळी तो आपल्याच पांढऱ्या पट्टीवर नजर साफ करून मग बघतो.

दुकानदार व्यंकट चहा घेऊन आला. त्यानं एक सडपातळ स्कॅनर पुढे केला. "ताई, हा घ्या. नवा हाय, वजन न्हाई. तुमच्या पुढ्यातलं ते थोराड धूड तर भंगारात चाललंय."

"दोन्ही चालू करून दाखवता का, काका?"

लुंबिनीनं बॅगेतून अप्पांच्या डाळीची पुडी काढली. व्यंकटनं आनंदराजकडे पाहिलं. "ह्या सैपाक करून राहिल्या का?"

"तिचं असंच असतंय," आनंदराज म्हणाला.

तिनं फोटोफ्रेमची पातळ काच आधी स्कॅनरवर ठेवली, म्हणजे मशीनच्या काचेला ओरखडे पडू नयेत. तीवर डाळ पसरली, वरून काळं कापड टाकलं. सडपातळ स्कॅनरनं काढलेल्या चित्रात डाळीचा नुसता पिवळा गाळ दिसत होता. त्याला काचेला चिकटलेला कागदच दिसायचा. वस्तू जरा वर उचलली गेली की त्याची नजर संपली. मग थोराड धूड घरघरलं. त्याच्या आत आरसे होते, खरी भिंगं होती. पडद्यावर दाणा अन् दाणा उमटला. कडा, घडी, पाठीवरची बारीक रेघ.

आनंदराजनं गळ्यातला कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. लुंबिनीनं धुडाचे पैसे मोजले. एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "लोक म्हणतील, फोटोग्राफर पत्र्याची पेटी घेऊन आला." लोहा गाव येईपर्यंत त्यानं ती पेटी सीटखाली पायानं दाबून धरली होती.

शनिवारी मिलच्या ऑफिसात अप्पांनी पेटी बघून भुवया चढवल्या. "कॅमेरा कुठाय?"

"हाच," लुंबिनी म्हणाली.

अप्पांनी पोत्यातून मूठभर डाळ दिली. तिनं पसरली, चित्र काढलं, सोबत आणलेल्या प्रिंटरवर छापलं आणि डाळ जशीच्या तशी एका ताटलीत काढून ठेवली. अप्पांनी कागद खिडकीशी नेला, ताटलीशी आणला. रंग जुळला होता. पण त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"हे काळं काय? तुझ्या मशीनला डाग हाय, पोरी."

लुंबिनीनं काचेवर बोट फिरवून बघितलं. काच तिनं तीनदा पुसली होती. आनंदराज तिच्याकडे बघायचं टाळून प्रिंटरची वायर सरळ करत होता.

आतून अप्पांच्या आई, तारामतीबाई आल्या. मिल उभी राहिल्यापासून प्रत्येक पोत्यातली मूठभर डाळ त्या सुपात घेऊन निवडायच्या, मगच माल बाहेर पडायचा. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि सवयीनं त्यावरून बोट फिरवू लागल्या.

"मशीनला कशाला नावं ठेवतो? दाणा डागी हाय. हा एक. हा दुसरा. अन् ह्याचं टरफल निघालं न्हाई." मग ताटली ओढून त्यांनी बोटांनी डाळ चाळवली आणि तीन दाणे कागदावर ठेवले. पहिल्या दाण्यावरचा डाग चित्रातल्या डागासारखाच होता, कोयरीच्या आकाराचा.

अप्पा खाली वाकून कागद बघत राहिले, मग दाणे, मग परत कागद.

"म्हणजे फोटोत डाळ निवडता येते?"

"येते की," तारामतीबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्याला तर हीच बरी. दाणा केवढा मोठा दिसतोय. सूप धरायला नको."

"आजी, याहून मोठा करून देते," लुंबिनी म्हणाली.

अप्पांनी खुर्ची ओढली. व्यापाऱ्यांना फोटो पाठवायचाच. पण आता प्रत्येक लॉट बाहेर पडण्याआधी त्याचं असं चित्र काढायचं, आई ते तपासेल, आणि तेच चित्र मालासोबत जाईल. पलीकडचा म्हणाला डाळ डागी निघाली, तर त्याच्यापुढे कागद टाकायचा. सालभराचं काम त्यांनी तिथंच पक्कं केलं, वर शेजारच्या मिलवाल्याला फोन लावला. "अरे, एक पोरगी आलीय. तुझी डाळ घेऊन ये, दावतो तुला."

बाहेर पडल्यावर लुंबिनीनं बाबांना फोन करून एवढंच सांगितलं, की पाटीसाठी खिळे आणून ठेवा.

ऑटोवाल्यानं पेटी मागच्या बाजूला टाकायला हात पुढे केला.

"हात नका लावू," आनंदराज म्हणाला. "कॅमेरा हाय." आणि ते धूड मांडीवर घेऊन तो घरापर्यंत ताठ बसून राहिला.