मला आवाजासाठी निवडलं

मी एक कॅमशाफ्ट आहे. नाव ऐकून बिचकू नका. बिचकायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी आजवर इमानेइतबारे केलंय.

इंजिनाच्या पोटात फिरणारा मी एक लांब दांडा. अंगावर ओळीने उंचवटे. मी फिरलो की एकेक उंचवटा एकेक व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन श्वास घेतं. साध्या कॅमशाफ्टचे उंचवटे बेताचे असतात. माझे कारखान्यात मुद्दाम उंच आणि रुंद घासले, शर्यतीच्या गाड्यांसाठी. गाडी सुसाट सुटली की मी खुशीत. संथ चालीत मात्र माझ्यामुळे इंजिनाला धाप लागते, ते अडखळतं. माझा जन्मस्वभावच तो.

दुकानाच्या काउंटरवर आम्ही दोघं शेजारी होतो, मी आणि एक साधा, बेताच्या उंचवट्यांचा. समोर एक तरुण उभा होता. त्याला मोठ्या आवाजाची एवढी हौस की घरचे त्याला भोंग्याच म्हणत.

"गाडी कोणती?" दुकानदाराने विचारलं.

"पिकअप."

"ओझं वाहता का तिच्यातून?"

"छे हो! हौसेची गाडी आहे."

"मग हा न्या. ओझं असतं तर तो दुसरा दिला असता. तो आवाज करत नाही, पण चढावर साथ सोडत नाही."

भोंग्याने मला उचललं आणि मी चरकलो. त्याच्या बोटांवर काचेने कापल्याच्या जुन्या खुणा होत्या. हौसेच्या गाडीवाल्याचे हात असे नसतात.

माझी भीती खरी ठरली. पिकअप त्याच्या ताईची होती. ताईचं काचकामाचं दुकान. खिडक्यांची मापं घ्यायची, तावदानं कापायची आणि पिकअपच्या हौद्यात उभी करून पोचवायची, यावरच ताई, भोंग्या आणि आई असं तिघांचं घर चालायचं. ताई मापं घ्यायला परगावी गेली होती, तेवढ्यात भोंग्याने इंजिन उघडून मला आत बसवलं. जुना कॅमशाफ्ट त्याने भंगारात दिला.

ताई परत आली, तिने गाडी सुरू केली. घडघड, घडघड. उभ्या गाडीचं अंग थरथरायला लागलं.

"अरे, गाडीला दमा झालाय का?"

"ताई, याला ताकद म्हणतात! इंजिनाचं जरा काम केलंय."

"आणि ब्रेक का दगडासारखा लागतोय?"

"वापरून होईल सैल."

त्याला माहीत नव्हतं. मला होतं. इंजिन आत हवा ओढतं, त्या ओढीचाच ब्रेकला जोर मिळतो. माझ्यामुळे संथ चालताना ती ओढ निम्म्यावर आली होती. ताई रोज पेडलवर सगळा भार टाकून गाडी थांबवत होती, आणि रोज किल्ली फिरली की मला वाटायचं, आज काहीतरी होणार. ओरडून सांगावं म्हटलं, तर माझ्या ओरडण्यावरच तो पोरगा खूश!

एके दिवशी टेकडीवरच्या एका दवाखान्याची मोठी तावदानं पोचवायची होती. ताई गाडी चालवत होती, भोंग्या मागे हौद्यात काचांना धरून बसला होता. चढ उभा, रस्ता अरुंद. पुढे एक हातगाडी आडवी आली. ताईने वेग कमी केला, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन अडखळलं. मी जीव तोडून फिरत होतो, पण त्या चालीत माझ्यात दमच नव्हता.

इंजिन बंद पडलं, आणि ब्रेकचा उरलासुरला जोरही गेला.

क्षणभर सगळं शांत. मग चाकं मागे फिरायला लागली. खाली चौक होता, माणसांनी भरलेला.

"ताई, ब्रेक!"

"दाबतेय रे! दोन्ही पायांनी दाबतेय!"

तिने हँडब्रेक खेचला. गाडी मंदावली, पण थांबेना. मग तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. चाकांनी मला उलटं फिरवलं! मी कधीच उलटा फिरलो नव्हतो. मला फिरवणारी साखळी कचकचली. ती एक दात जरी सरकली असती तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून आमचा चुरा झाला असता. पण सगळं इंजिन अडून बसलं, गाडीने आणखी एक हिसका खाल्ला. ताईने स्टिअरिंग वळवलं आणि मागचा कोपरा कडेच्या दगडी भिंतीला टेकला.

काचा फुटल्याचा आवाज आला.

ताई खाली उतरली आणि मागे धावली. "भोंग्या! लागलं का रे?"

हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात तो अंग चोरून बसला होता, पांढराफटक. "नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, मी इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवला. दुकानदाराने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

ती ओरडेल असं वाटलं. तिने त्याच्या केसांतले काचेचे कण एकेक करून काढले आणि अगदी हळू म्हणाली, "त्या काचा तुझ्यावर आल्या असत्या तर मी आईला काय तोंड दाखवलं असतं?"

त्यावर भोंग्या ढसाढसा रडला.

मला बाहेर काढलं ते बरंच झालं. या वेळी ताई स्वतः दुकानात गेली, आणि तो साधा कॅमशाफ्ट तिने निवडला. आता पिकअप अंगणातून निघते तेव्हा कुणाला कळतही नाही.

मी भोंग्याच्या फळीवर कापडात गुंडाळलेला आहे. गंजू नये म्हणून तो मला तेल लावतो. काल त्याचा एक मित्र आला होता. त्याच्याकडेही ओझं वाहणारी पिकअप आहे. मला हातात घेऊन तो म्हणाला, "याचा आवाज कसला भारी येत असेल, नाही? मला देतोस का?" भोंग्याने मला परत कापडात गुंडाळलं आणि म्हणाला, "उद्या सांगतो."

भोंग्या, बाबा रे, मी धावण्यासाठी जन्मलो, तरी हात जोडून मागतो: मला तेल लावणं बंद कर. मला गंजू दे.