डब्यातले बुटके काडतूस

मित्रांनो, मी एक जुने काडतूस आहे आणि जन्मल्यापासून घाबरलेले आहे. घाबरण्याचे काम हरणाचे, असा सर्वसाधारण समज आहे. पण तुमच्या पोटात बंदुकीची दारू भरली, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी ठोकून बसवली आणि वर सांगितले, "आता गप्प पडून राहा," तर तुम्ही किती गप्प राहाल?

कारखान्यात पितळेच्या चकतीतून मला ओढून ओढून लांब केले. फार लांब नाही, आम्ही बुटकेच. बुडावर नाव कोरले, तीनशे आठ. आमचा वाण फार लोकप्रिय. निशाणेबाज म्हणतात, आमची गोळी जिथे सांगावे तिथे जाते. शिकारी म्हणतात, खांद्याला बेताचाच धक्का बसतो, दुसऱ्या दिवशी हात वर करून केस विंचरता येतात. दोन्ही खरे. पण मुख्य कारण मी दुकानाच्या फळीवर बसून पाहिले आहे. ते दुकान पेट्रोल पंपाचे. एका अंगाला गळाला लावायची जिवंत गांडुळे, दुसऱ्या अंगाला आम्ही. गिऱ्हाईक विचारी, "आहे ना?" आणि आम्ही असायचो. आमच्याहून वेगवान, देखणी काडतुसे जगात आहेत. पण ती मागवावी लागतात. आम्हांला आधी लष्कराने घेतले, म्हणून कारखान्यांनी भरमसाट बनवले. भरमसाट म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून सगळ्यांकडे, आणि सगळ्यांकडे आहे म्हणजे चांगलेच असणार! पुढाऱ्यांचेही बहुधा असेच होते.

मला वेंडेलने विकत घेतले. वेंडेल खालच्या मिशिगनचा, म्हणजे मोठ्या पुलाच्या दक्षिणेचा. त्याची सासुरवाडी पुलाच्या वर, जंगलात; तिथले लोक दक्षिणेकडच्यांना 'पुलाखालचे' म्हणून हसतात. तिथे नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. सासरे रेइनो सारेला यांची जंगलात लाकडी खोपी होती. खोपीत सगळ्यांकडे एकाच जातीच्या रायफली, तीस-शून्य-सहा. रेइनोंचे वडील युद्धावरून परतले ते त्याच काडतुसाची सवय घेऊन; मग रेइनोंनी तेच घेतले, मग त्यांच्या मुलीने, म्हणजे वेंडेलच्या बायकोने, लॉर्नाने. ते काडतूस आमच्याहून बोटाच्या अर्ध्या पेराइतके लांब. बाकी गोळीची जाडी तीच, चेहरामोहरा तोच.

त्या घराची एक रीत होती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने खिसे झाडून उरलेली काडतुसे दाराजवळच्या कॉफीच्या डब्यात टाकायची, आणि पुढच्या वर्षी त्यातूनच घ्यायची. निवडायची गरज कधी पडली नाही, कारण निवडण्यासारखे काही नव्हतेच. वेंडेलची स्वतःची रायफल तीनशे आठची. सगळे खिसे झाडताहेत म्हटल्यावर त्यानेही झाडला. घरचा माणूस होण्याची त्याला तेवढीच संधी दिसली. मी डब्यात पडले.

मित्रांनो, ते वर्ष मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. त्यांच्या कुठल्याही रायफलीत मी शिरू शकत होते, पण तिथे मला पुढे रिकामी जागा राहणार होती. त्या जागेत मी उडाले असते तर माझे पितळ फाटले असते आणि जळता वायू मागे फिरला असता. मागे काय असते? नेम धरणाऱ्याचा डोळा. हे मला माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

पुढच्या नोव्हेंबरात, उजाडायच्या आत, रेइनोंनी डबा मांडीवर घेतला.

"बाबा, चष्मा कुठाय?" लॉर्नाने विचारले.

"घरी. टीव्ही बघतोय."

"मग माझी रायफल मी भरते."

"अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी काडतुसं बोटांनी ओळखतो. तू जेवणाचं बघ."

"मी भरू का, बाबा?" वेंडेल म्हणाला.

"जावईबापू, तुम्ही पुलाखालून आलात. तुम्ही शेगडीत लाकडं घाला. बघून घाला हां, पेटती बाजू आत असते."

रेइनोंची बोटे माझ्यावर आली आणि थांबली. अंगठा माझ्या मानेवरून बुडापर्यंत फिरला, परत वर गेला. मी मनात ओरडले, कळले, यांना कळले! मग एक श्वास सोडून त्यांनी मला लॉर्नाच्या रायफलीत दाबून सगळ्यात वर बसवले. म्हणजे पहिली पाळी माझी.

जंगलात लॉर्नाने बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची सरकती दांडी, पुढे सारला आणि मी नळीच्या मुळाशी गेले. सैल होते. ती हलली की मी खुळखुळत होते. बाहेर बर्फ मोडल्याचा आवाज आला. हरीण असावे. लॉर्नाने लाकडी दस्त्यावर गाल टेकला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिला माझे काहीच ऐकू येत नव्हते. चाप ओढला गेला. सुई माझ्या टोपीत घुसली. पण मला पुढून अडवायला काही नव्हते. धक्क्याने मी पुढे सरकले आणि टोपीला नुसता खड्डा पडला.

खट्.

हरीण गेले. लॉर्नाने घाई केली नाही. काडतूस कधी उशिरानेही उडते, म्हणून नळी झाडांकडे रोखून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मला बाहेर काढले, उलटे केले, बुडावरचे नाव वाचले आणि बर्फातच बसली.

खोपीत तिने मला टेबलावर एका लांब काडतुसाशेजारी उभे केले. वेंडेलने मला लगेच ओळखले. "हे माझं आहे. गेल्या वर्षी सगळे टाकत होते, म्हणून मी पण..."

"तुम्ही टाकलंत. भरलं मी," रेइनो म्हणाले. त्यांनी मला उचलून पुन्हा अंगठा फिरवला. "बोटांना कळलं होतं, लॉर्ना. म्हटलं, थंडीनं बधिर झाली असतील."

"मग विचारायचं ना, बाबा!"

"विचारलं असतं तर चष्मा आणावा लागला असता."

लॉर्नाने मला त्यांच्या हातून काढून घेतले आणि म्हणाली, "जाऊ दे. हरीण तर गेलं. काढा कात्री." ज्याची शिकार हुकते त्याच्या शर्टाचे शेपूट, म्हणजे मागचा खालचा घोळ, कापून भिंतीला ठोकायचे, हा खोपीचा कायदा. भिंतीवर सगळ्यांची शेपटे होती. वेंडेलची तीन. रेइनोंचे एकही नव्हते, आणि हे ते दरवर्षी जेवताना एकदा तरी सांगत.

रेइनोंनी कात्री घेतली, स्वतःचा शर्ट पँटीतून ओढून काढला आणि कापला. चष्मा नव्हताच, त्यामुळे तुकडा फारच मोठा निघाला.

"माझाही कापा, बाबा," वेंडेल पुढे झाला.

"बसा हो. तुमचा शर्ट आता नुसत्या बाह्यांवर उभा आहे."

तो कॉफीचा डबा आता गेला. रेइनो चष्मा लावतात, प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचे नाव मोठ्याने वाचतात, आणि वेंडेल शेजारी बसून ते पुन्हा तपासतो. त्याला ते काम जावयाच्या मानाचे वाटते.

मला दोरा बांधून शर्टाच्या त्या तुकड्याखाली टांगले आहे, सगळ्यांना आठवण राहावी म्हणून. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघतो आणि गंभीर होतो. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. सवयीच्या वस्तूलाही हातात घेतल्यावर एकदा तिचे नाव वाचा. बोटे अडखळली तर लाजू नका, विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या खोपीत गेलेच, तर माझा खिळा जरा खिडकीकडे सरकवा. माझ्या पोटातली दारू अजून तशीच आहे, आणि खाली शेगडी आहे. वेंडेल लाकडे घालतो आहे.