पडद्यामागची वाचा

वर्तकनगरच्या हॉलात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्र्यंबकबाबा चार वर्षांच्या श्रियाला पडद्याआड घेऊन गेले होते, नि तिची आई आसावरी देवाचा धावा करत होती.

"जन्मली तेव्हा जेमतेम किलोची पोर! बोलते ते कुणाला कळत नाही! डॉक्टरांनी हात टेकले!" बाबांचा चेला माईकवर गरजला. "पण बाबांच्या शंखात गंगा, नि गंगेत वाचा!" अख्खी गंगा शंखात कशी मावली, हे विचारायचं भान कुणाला होतं?

"आई, मी देवाकडून शब्द घेऊन आले!"

पडद्यामागून आलेला आवाज कसा, खणखणीत! हॉल गहिवरला. आसावरी हमसून हमसून रडली. बाबांनी बाहेर येऊन फर्मान काढलं, "वाचा कोवळी आहे. दिवाळीपर्यंत मौन. पोर बोलली तर सगळं वाया!"

रिक्षात श्रियानं आईची ओढणी ओढली. "आई, आत ताई ओती. ताई बोयी. मी नाई."

लेकीचं बोबडं जगात एकट्या आसावरीला कळायचं. तेव्हाही कळलं. तरी तिनं श्रियाच्या तोंडावर हात ठेवला. "शू! बोलायचं नाही, सोन्या." नौपाड्यात सोनलताई श्रियाला उच्चार शिकवायच्या, तेही तिनं बंद केलं.

दिवाळी आली, पण श्रिया तोंडच उघडेना. नुसतं बोट दाखवायची. आसावरीनं रडत सोनलताईंकडे जाऊन सगळं सांगितलं.

"अगं, इतक्या कमी वजनाच्या काही मुलांना उच्चार उशिरा जमतात," सोनलताई कळवळून म्हणाल्या. "कान तपासायचे, रोज खेळत बोलायचं, एकेक अक्षर बसवायचं. आणि तू तिचं बोलणंच बंद केलंस?"

"पण पडद्यामागून स्पष्ट बोललेली हो!"

"कालपर्यंत 'होती' म्हणता न येणारी पोर? एका दमात?"

आसावरी तडक हॉलवर गेली. नवं लेकरू आत होतं, नवी आई बाहेर रडत होती. आसावरीनं पडदा ओढला. आत आठेक वर्षांची मुलगी माईक धरून उभी होती. "मौन पाळलं नसेल!" बाबा ओरडले. मौन कशासाठी, ते तेव्हा आसावरीला उमगलं. पोर गप्प, तोवर लबाडी झाकलेली. बोललीच तर खापर आईच्या माथी!

लोकहो, वाचा शंखातून येत नाही, रोजच्या बोलण्यातून येते. पडदा दिसला तर आधी तो सरकवा. आणि लेकरू बोबड्या बोलात काही सांगत असेल, तर ते ऐका हो!

त्या संध्याकाळी आसावरीनं श्रियाला मांडीवर घेतलं. "तूच खरं बोललेलीस गं. बोल ना, कसंही बोल."

श्रियानं आईकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.